विषय: पेरू – आरेकिपा आणि कोल्काची दरी, कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये मी आणि धाकटा भाऊ सॅक पाठीला लावून पेरूला निघतोय. माचू पिचू मागे आईबाबांबरोबर झालंय, म्हणून या खेपेला आरेकिपा शहर आणि कोल्काची दरी. भाऊ पुण्याहून आधी माझ्याकडे न्यू जर्सीला येईल. सह्याद्रीत वाढलेला गडी आहे, म्हणतो, "दोन दिवसांचा ट्रेक, त्यात काय एवढं!" कुणी केलाय का? वाटाड्या लागतो का? त्याचा पासपोर्ट भारतीय आहे, व्हिसाचं काय?

– अ.

---

अ.,

भावाला एवढंच विचार: सह्याद्रीत दमलास की काय करतोस? उतरतोस. कोल्कात दमल्यावर चढायचं असतं. तिथे सगळा हिशेब उलटा आहे.

मीही एके काळी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केल्याच्या गुर्मीत गेलो होतो. काबानाकोंदे हे दरीच्या काठावरचं गाव, साधारण 3300 मीटरवर. तिथून घसाऱ्याच्या वाटेने नदीपर्यंत उतरेस्तोवर माझे गुडघे बोलायला लागले. पूल ओलांडला की सान ह्वान दे चुचो, मग पलीकडच्या अंगाने मालाता वगैरे वाड्या, आणि संध्याकाळी पुन्हा खाली सांगाये या वस्तीला. (लिहितात दोन 'एल', वाचतात 'य'. बसवाल्याला 'सांगाले' म्हणून मी बराच वेळ घालवला.) सांगायेला ताडाची झाडं, पोहायचे हौद, झोपड्या. आपण तळ गाठला म्हणून पाय सोडून बसतो, पण हा 'तळ' 2100 मीटरच्याही वर आहे. आपलं कळसूबाई 1646!

दुसऱ्या दिवशी हीच उंची परत चढायची: सुमारे 1100 मीटर, सलग, नागमोडी, विरळ हवेत. पहाटे पाचच्या आत कपाळाला बॅटरी लावून निघा. ऊन वाटेवर आलं की संपलंच. खेचरं भाड्याने मिळतात. आमच्या सौ.नी निमूटपणे खेचर केलं आणि मी वर पोहोचलो तेव्हा त्यांची दुसरी कॉफी चालू होती. त्यावर आजतागायत मला घरात काही बोलता आलेलं नाही.

वाटाड्या नसला तरी चालतं, वाट मळलेली आहे. माझा आक्षेप आहे तो आरेकिपाहून पहाटे तीनला निघणाऱ्या सहलींना. शहर 2300 मीटरच्या आसपास, आणि वाटेतली पातापांपाची खिंड 4900 च्या वर. झोपेतून उठून काही तासांत तिथे, आणि मग लगेच ट्रेक? डोकं धरून बसलेली माणसं मी त्या खिंडीत पाहिली आहेत. त्यापेक्षा आरेकिपात दोन-तीन दिवस काढा, दिवसाच्या साध्या बसने काबानाकोंदेला जा, एक रात्र राहा. दरीत एटीएमवर विसंबू नका, सुटे सोल (तिथलं चलन) जवळ ठेवा.

क्रूस देल कोंदोर या कोंदोर गिधाडं बघायच्या जागी सकाळी आठ-नऊला थांबा. एवढं जड पाखरू पंख मारत उडत नाही. ऊन तापून हवा वर सरकू लागली की तिच्यावर स्वार होऊन दरीतून वर येतं. तीन मीटरचा पंखविस्तार डोळ्यांसमोरून जातो तेव्हा हातातला फोन खाली राहतो. 'ग्रँड कॅन्यनच्या दुप्पट खोल' हे मात्र आजूबाजूच्या शिखरांपासून मोजलेलं. उभं राहतो तिथून नदी साधारण 1200 मीटर खाली दिसते. तेवढंही पुरे होतं.

आता शहर. 1540 साली स्पॅनिशांनी वसवलेलं, आणि जवळपास सगळं जुनं बांधकाम 'सियार' या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं. मागे मिस्ती ज्वालामुखीचा सुळका, 5822 मीटर. ज्या आगीने दगड दिला तिच्याच शेजारी घरं आणि वर भूकंप, म्हणून भिंती जाड आणि इमारती बुटक्या. 2001 च्या भूकंपात कॅथेड्रलचा एक मनोरा कोसळला होता, तो पुन्हा बांधलाय. सांता कातालिना मठाला अर्धा दिवस द्या. 1579 चा. भिंतींच्या आत एक गावच आहे: गल्ल्यांना सेव्हिया, कोर्दोबा, तोलेदो अशी स्पेनमधली नावं, भिंती गेरूच्या आणि गडद निळ्या. श्रीमंत घरच्या मुली हुंडा घेऊन इथे जोगिणी व्हायच्या, आणि सोबत मोलकरणीही! 1970 मध्ये बाहेरच्यांना दार उघडलं. एका कोपऱ्यात जोगिणी अजून राहतात.

– कै. (वय 64, गुडघे त्याहून मोठे)

---

अ., कैकाकांनी दगड सांगितले, खाण्याचं राहिलंच. आम्ही दोघं शाकाहारी. 'सोल्तेरितो' मागवा: वालपापडीसारखे मोठे दाणे, मका, चीज, ऑलिव्ह. 'रोकोतो' ही मिरची ढोबळीसारखी दिसते म्हणून भाऊ फसेल. आत काळ्या बिया असतात आणि जाळ लवंगीसारखा. 'केसो एलादो' नावाला 'थंड चीज', पण चीज नसतंच, दूध आणि दालचिनीचं आइस्क्रीम असतं.

संकष्टीला चिंता नको. किविचा म्हणजे आपल्या राजगिऱ्याचा भाऊबंद, आणि बटाटा, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद हे सगळं मुळात याच खंडातलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ते लोक रोजच उपास करतात की!"

– मी.

---

मंडळाच्या चिटणिसांकडून दोन गोष्टी.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकिटं काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

कोका: उंचीवर सगळे कोकाचा चहा देतात, तिथे तो कायदेशीर आहे. पण त्याच्या पुड्या अमेरिकेत आणायच्या नाहीत, आठवण म्हणूनही नाहीत. ज्यांच्या नोकरीत लघवीची चाचणी होते त्यांनी तिथेही पिऊ नये, चाचणीत उतरतो. कैकाका, गेल्या दिवाळीला तुम्ही मंडळात कसला 'हिरवा चहा' वाटला होतात?

---

पुदिना होता! – कै.

---

सर्वांचे आभार. भावाला कैकाकांची मेल पाठवली. दोन दिवस काही बोलला नाही, आज विचारतोय, "खेचराचं आधी बुकिंग करावं लागतं का?"

– अ.