जुन्या घरात फ्रिजला हात लावला की झिणझिण्या: अर्थिंगचा दोष कसा शोधावा?

प्रश्न

रत्नागिरीजवळचे आमचे जांभ्या दगडाचे घर जुने असून बरीचशी वायरिंग अजूनही लाकडी पट्ट्यांवरूनच फिरवलेली आहे. नव्या इन्व्हर्टर फ्रिजच्या दाराला अनवाणी पायांनी हात लावला की झिणझिण्या येतात आणि दाराच्या स्क्रूवर टेस्टर मंद पेटतो. फ्रिज चालू ठेवून त्याच बोर्डावरील शेजारच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला असता फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ ११९ आणि न्यूट्रल-अर्थ १०७ व्होल्ट आले. वायरमन म्हणतात की सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून देतो. घरात वयस्कर आईवडील असतात, म्हणून विचारतो: हे करावे का?

उत्तर १

कृपया हे अजिबात करू देऊ नका. तशी जोडणी केल्यावर मागे कुठेही न्यूट्रल तुटली, तर फ्रिजमधून फिरून आलेला फेज थेट त्याच्या पत्र्यावर येईल. मेन बोर्डावर कुणी चुकून फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, तरीही पत्रा पूर्ण २३० व्होल्टवर जाईल.

तुमचे आकडे पुष्कळ सांगतात. अर्थिंग धड असते तर फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलइतकेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत आले असते. दोन्हीकडे साधारण निम्मे व्होल्ट दिसतात, याचा अर्थ हिरवी (अर्थची) तार बहुधा कुठेच पोहोचलेली नाही आणि फ्रिजमधल्या फिल्टरच्या (विजेतला गोंगाट गाळणाऱ्या भागाच्या) कपॅसिटरमधून येणारा अल्प प्रवाह पत्र्यावरच अडकून राहतो. तरीही इन्शुलेशन खराब झाल्याची शक्यता तपासून घ्यावी लागेल. तोपर्यंत फ्रिजचा प्लग काढून ठेवा. मेन स्विच बंद करून जाणकार माणसाकडून सॉकेटपासून मेन बोर्डापर्यंत आणि तेथून जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत अर्थची तार सलग आहे का, हे तपासून घ्या. जुन्या घरात ती अनेकदा नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असते आणि पुढे पाइप प्लास्टिकचे झाले की अर्थिंग कुणाच्याही लक्षात न येता संपते.

प्रश्नकर्ता

तुमचा अंदाज बरोबर निघाला. माळ्यावरच्या जॉइंटमध्ये हिरवी तार कापून टेप गुंडाळून ठेवली होती. ती जोडल्यावर फेज-अर्थ २२६ आणि न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट येतात. आता काम पूर्ण झाले असे समजावे का?

उत्तर २

अजून नाही. मल्टिमीटर नगण्य प्रवाह घेतो, त्यामुळे गंजलेल्या अर्थिंगवरही हेच आकडे दिसू शकतात. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजून घ्यावा, तोही शक्यतो एप्रिल-मेमध्ये, कारण जांभ्याची जमीन पाणी धरत नाही आणि पावसाळ्यात उत्तम वाटणारे अर्थिंग उन्हाळ्यात निकामी ठरते. समजा रोध २५ ओहम निघाला, तर फेज पत्र्याला चिकटल्यावर जेमतेम ९ अँपिअर वाहतील आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडणारच नाही. म्हणून जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा खड्डा मीठ-कोळसा घालून नव्याने भरून घ्याच. पण त्याबरोबर मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (प्रवाह जमिनीकडे गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा. लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायरिंग गळती करत असेल तर तो वारंवार पडेल. तसे झाल्यास आरसीसीबी बायपास करू देऊ नका, एकेक सर्किट वेगळे करून गळती कुठे आहे ते शोधा आणि तेवढी वायरिंग आधी बदला. दर महिन्याला आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहण्याची सवय आईवडिलांनाही लावून द्या.