माळ्यावरच्या सीडी मेल्या, आरडब्ल्यू मात्र जिवंत. असं कसं?

जुळे_सोलापूर:
वडिलांनी २००४-०५ च्या सुमाराला हँडीकॅमवर गड्ड्याच्या जत्रेचं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं बरंच शूटिंग केलं होतं आणि नवी पेठेतल्या एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतलं होतं. परवा माळ्यावरची पेटी खाली काढली तर आत सीड्यांची चळतच. माळा पत्र्याखालचा, मे महिन्यात तिथं काय होत असेल ते सोलापूरकरांना सांगायला नको. काही सीड्या ड्राइव्हमध्ये नुसत्याच घरघरतात. काहींवर फाईल दिसते, पण कॉपी निम्म्यात अडकते. आणि एक करड्या रंगाची सीडी-आरडब्ल्यू आहे, ती टकाटक उघडली! पुसता येणारी डिस्क आधी जायला हवी ना? बाकीच्यांचं काही होईल का?

बर्नवाला:
ताई, त्या काळात मी नवी पेठेतच सीड्या राइट करून द्यायचो. लग्नसराईत रात्री दुकानात पंख्यापेक्षा रायटरचा आवाज जास्त असायचा. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

साध्या, एकदाच लिहिता येणाऱ्या सीडी-आरमध्ये प्लॅस्टिकच्या चकतीवर आधीच बारीक गोल गोल खाच पाडलेली असते, दोन वेढ्यांमध्ये फक्त १.६ मायक्रॉन अंतर. त्या खाचेवर सेंद्रिय रंगाचा थर, त्यावर चांदीचा (महागातल्या डिस्कला सोन्याचा) आणि सगळ्यात वर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पातळ लेप. लिहिताना ७८० नॅनोमीटरचा लेझर जोर वाढवून रंगाला चटका देतो. चटका बसला तिथून उजेड कमी परत येतो. वाचताना तोच लेझर अगदी मंद असतो. डाग म्हणजे १ आणि कोरं म्हणजे ० असा पुष्कळांचा समज असतो, पण तसं नाही. डाग जिथं सुरू होतो आणि जिथं संपतो, ते दोन काठ म्हणजे १. मधलं सगळं ०. म्हणून काठ धूसर झाले की गोंधळ.

तुमची एखादी सीडी खालून तिरकी धरून बघा. आतल्या बाजूचा पट्टा किंचित वेगळ्या छटेचा दिसेल आणि एका वर्तुळावर छटा बदलेल. तिथवरच लिहिलंय, पुढं कोरी. हा चटका एकदाच, परत फिरवता येत नाही. पण रंग तो रंगच, ऊन आणि उष्णतेनं उतरतो.

आरडब्ल्यूमध्ये रंग नसतोच. तिथं चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू असतो. लेझरनं ठिपका पाचशे-सातशे अंशांवर वितळवला की तो क्षणात गार होतो आणि अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही. साखरेचा पाक झटकन गार केला तर काचेसारखा होतो, सावकाश निवला तर रवाळ, तसंच. काचेसारखा ठिपका मंद, रवाळ चकचकीत. पुसायचं म्हणजे दोनशेच्या आसपास तापवून परत रवाळ करायचं. असं साधारण हजार वेळा चालतं म्हणतात. माळ्यावरचा उन्हाळा दोनशेच्या जवळपासही जात नाही, म्हणून तुमची ती टिकली असणार. मात्र आरडब्ल्यूवरून परत येणारा उजेड मुळातच कमी, पंधरा-पंचवीस टक्के. त्या काळच्या जुन्या प्लेअरना तो पुरायचा नाही आणि गिऱ्हाईक ‘सीडी कोरीच दिली’ म्हणून भांडायला यायचं.

कडकभाकरी:
दादा, तुम्ही सगळा दोष रंगावर घालायलाय. वरची बाजू बघायला सांगा की! लोक खालचे ओरखडे पुसत बसतात. खाली १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, तिथला ओरखडा बऱ्याचदा पॉलिशनं निघतो. डेटा असतो वरती, लेबलच्या लगेच खाली, आणि त्याला झाकायला फक्त लॅकरचा पापुद्रा. वरून टोकदार पेन किंवा चिकटवलेलं स्टिकर ओढून काढलं की खेळ खल्लास. डीव्हीडीत तसं होत नाही, तिथं लिहायचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो. ताई, ट्यूबलाइटसमोर सीडी धरा.

जुळे_सोलापूर:
धरून बघितल्या. दोनतीन सीड्यांत काठाजवळ टाचणीएवढी भोकं दिसतात, आरपार उजेड. बाकीच्या ठीक दिसतात, पण कॉपी तरीही अडकते. फाईल डॅट नावाची आहे, एमपीईजीएव्ही फोल्डरमध्ये.

बर्नवाला:
कडकभाकरीचं बरोबर आहे, भोकाजवळचा भाग गेला. भोक काठाला आहे हे त्यातल्या त्यात बरं. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून सुरुवातीचं शूटिंग निघू शकतं.

अडकणाऱ्या म्हणजे व्हीसीडी, व्हिडिओ सीडी. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या एका तुकड्यात, २०४८ बाइट मावतात, व्हीसीडीच्या व्हिडिओला २३२४. जादाची जागा आली कुठून? चुका दुरुस्त करायचा एक थर काढून टाकला. चित्रात क्षणभर चौकोन दिसले तर कुणाचं काही बिघडत नाही, असा हिशोब. पण विंडोज एका खराब सेक्टरवर अडून अख्खी कॉपी टाकून देतं. आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर घ्या, ते खराब सेक्टर वगळून पुढं जातं. ड्राइव्ह बदलून बघा. जुन्या डेस्कटॉपचा रायटर मिळाला तर उत्तम, यूएसबीच्या बारक्या ड्राइव्हना जे दिसत नाही ते त्यांना कधी कधी दिसतं. वेग कमी ठेवा.

टूथपेस्ट लावू नका. आणि ती आरडब्ल्यू आज उघडतेय तर आजच उतरवून घ्या, हार्डडिस्कवर एक आणि भावाकडे एक.

जुळे_सोलापूर:
आरडब्ल्यू उतरवली. शेजारच्या काकांकडे जुना पीसी आहे, रविवारी बाकीच्या घेऊन जाते.