पुलकेशी आणि नव्व्याण्णव हजार गावे

बदामीचा चालुक्य राजा पुलकेशी दुसरा म्हणजे उत्तरेच्या सम्राट हर्षवर्धनाला नर्मदेवर अडवणारा, एवढीच त्याची ओळख सांगितली जाते, ते मला पटत नाही. बदामीजवळच्या ऐहोळेला मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिराच्या पूर्वेकडच्या भिंतीवर पुलकेशीचा दरबारी कवी रविकीर्ती याचा लेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५. हर्षाचा 'हर्ष' भयाने गळाला हा श्लेष त्यातलाच, तो सगळे सांगतात. पण त्याच लेखात पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा (महाराष्ट्राच्या तीन भागांचा) स्वामी झाला असंही कोरलंय!

तिथे उभं राहून ती बारीक, एकसारखी अक्षरं पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. आपल्या प्रदेशाचं नाव चौदाशे वर्षांपूर्वीच्या दगडावर, तेही कर्नाटकात. बदामीला जाल तेव्हा ऐहोळे चुकवू नका, तासाभराचंच अंतर आहे.