मदत हवी आहे: ‘खुन चाय’ला मराठी सबटायटलमध्ये काय म्हणावं?

थायलंडच्या चॅनल 3 ची 2013 ची मालिका ‘सुफाप बुरुत चुथाथेप’, त्यातला डॉक्टर पुत्तिपतचा भाग. नायिका क्रोंगकेवला वाचवायला त्याने केलेलं नावापुरतं लग्न, आणि मी अडलोय ते संबोधनांवर. ‘खुन चाय’ म्हणजे ‘मोम राजवोंग’ या थाई राजवंशातल्या दर्जाचा पुरुष, त्याच्या वरच्या ‘मोम चाओ’ दर्जाच्या माणसाचा मुलगा. ‘राजकुमार’ लिहिलं तर चूक, कारण त्याचा बापही राजाचा मुलगा नव्हे, नातू. ‘सरकार’ केलं तर थेट कोल्हापूरचा वाडा उभा राहतो! तसंच ठेवून पहिल्या एपिसोडला टीप द्यावी का?

दुसरं, नवऱ्याला ‘अहो’ कधीपासून? आपल्याकडे ‘अहो’त संसार आला, सही झाली त्या दिवशीच ते घातलं तर पुढची सगळी जवळीक आधीच खर्च होते. मी सुरुवातीला ‘खुन चाय, तुम्ही’ ठेवलंय. क्रोंगकेव त्याला ‘फी’ म्हणायला लागते तिथे ‘अहो’ आणावं असं वाटतं. ‘फी’चा शब्दशः अर्थ थोरलं भावंड, म्हणून ‘दादा’ लिहिलं की प्रेमाचा सीन गेलाच.

वाक्याअखेरचे आदरार्थी ‘ख्राप’ (पुरुष म्हणतात), ‘खा’ (बायका म्हणतात) मी गाळतो, आदर क्रियापदातच येतो. पण भांडणात ती मुद्दाम ‘खा’ टाळते, ते कसं दाखवाल? ओळीत जेमतेम सहा-सात शब्द बसतात.