नागपुरात सराव, जानेवारीत मुंबई: ४२ झेपेल का? नडगीही दुखून राहिली

त्रिमूर्तीनगरकर
नमस्कार मंडळी. आठवड्यातून चार दिवस धावतो, एकूण २० किमीच्या आसपास, सगळ्यात लांब ८. पाच किमी ३० मिनिटांत होतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पूर्ण ४२ करायचंय. ऑगस्ट अर्धा सरला, म्हणजे हाती २२ आठवडे. पण डाव्या नडगीची आतली बाजू दुखून राहिली आहे, अन् सकाळी सहालाच घामाची अंघोळ होते. सराव कसा आखावा?

चढउतार
आधी नडगी. अंगठ्याने हाडाची आतली कड वरून खाली दाबत जा. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा दुखत असेल आणि धाव सुरू झाल्यावर ठणका कमी होत असेल, तर तो हाडावर आलेला ताण. पण नाण्याएवढ्या एकाच जागी जीव जात असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं आजच बंद, हाडांचे डॉक्टर गाठा. एक्स-रे साफ आला म्हणून हुरळून जाऊ नका. बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे त्यात बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते.

पहिला प्रकार असेल तर दोन आठवडे अंतर निम्मं, वेगाच्या धावा बंद, उरलेला वेळ सायकल. पायरीच्या कडेवर टाचा उचला: गुडघा सरळ ठेवून १५-१५चे तीन फेरे, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. वाकवलेले फेरे लोक गाळतात, आणि पोटरीचा आतला स्नायू त्यांनीच बळकट होतो. बूट ७०० किमीच्या पुढे गेले असतील तर बदला. आणि रोज रस्त्याच्या डाव्याच कडेने धावता का ते बघा. तिथे उतार असतो, डावा पाय कायम खाली पडतो. नव्या सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या मातीपेक्षा चांगली वीतभर उंच असते, अंधारात पाय मुरगळायला तेवढी पुरे.

रविवारची_लांब
नडगी शांत झाली असं धरून सांगतो. तुमच्या वेगाला सावकाश धाव म्हणजे किमीला ७:१५ ते ७:४५, सध्याच्या दमट हवेत ८ सुद्धा. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बहुतेक नवखे रोज मधल्याच वेगाने पळतात, त्यात ना दम वाढतो ना वेग, नुसता थकवा.

मंगळवार ६, गुरुवार ८, शनिवार ५, रविवारी लांब. शनिवारची पाच अगदी रमतगमत. रविवारची धाव दर आठवड्याला एक-दीड किमीने वाढवा, चौथ्या आठवड्यात पाव भागाने उतरवा. सप्टेंबरअखेर १४, ऑक्टोबरअखेर १८, नोव्हेंबरच्या मध्यात २१. इथे खरा निर्णय घ्या: २१ नंतर दोन दिवसांत पाय मोकळे झाले नाहीत किंवा नडगीने डोकं वर काढलं, तर यंदा ४२ सोडा. झाले तर २४, मग उतरता आठवडा, २६, २८, पुन्हा उतरता आठवडा, आणि शर्यतीच्या तीन आठवडे आधी ३०. मात्र घड्याळात साडेतीन तास झाले की ३० पुरे झाले नाहीत तरी थांबा. त्यापुढे दम फारसा वाढत नाही, दुरुस्तीला मात्र दिवस जातात.

चढाचा सराव सेमिनरी हिल्सला: ऑक्टोबरपासून गुरुवारी सहा वेळा मिनिटभर चढायचं, उतरताना चालायचं. पावसात कच्च्या वाटा टाळा, काळी माती बुटाला किलोभर चिकटते.

मेडिकल_चौक
एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या प्लॅनमध्ये सापडणार नाही. विदर्भात सिकलसेलचे (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) वाहक बरेच आहेत आणि वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून माहितीच नसतं. उकाड्यात, पाणी कमी पडलेलं असताना एकदम जोर लावला तर अशांचे स्नायू फुटून मूत्रपिंडावर येऊ शकतं. त्यासाठी रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी करून घ्या, पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीने नक्की होतं. वाहक असाल तर धावणं सोडायची गरज नाही, पण अंगाला उकाड्याची सवय हळूहळू लावा आणि दम तोडणारे फेरे गार हवेतच.

पाण्याचा अंदाज वजनाने. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग कोरडं करून वजन घ्या, एक किलो घटलं म्हणजे लिटरभर घाम. पिणं त्यापेक्षा कमीच ठेवा. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, आणि नुसतं पाणी ढोसून रक्तातलं सोडियम घसरणं जास्त धोक्याचं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच घाला. धावण्याआधी दुखण्याची गोळी नको.

त्रिमूर्तीनगरकर
चाचणी करून घेतो. नडगी पट्ट्यातच दुखते, लंगडी जमते. धावताना खायचं काय? अन् मुंबईत वेगळं काही?

चढउतार
दीड तासापुढच्या धावेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट. एक जेल (धावताना खायचं साखरेचं घट्ट पाकीट) किंवा मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, म्हणजे दर ४० मिनिटांनी एक. पोटालाही सराव लागतो, तेव्हा हे रविवारीच सुरू करा. धावण्याआधी दोन तास पोळी-गूळ किंवा केळं. तर्री-पोहे धावून आल्यावर खा, आधी खाल्ले तर दहाव्या किमीला आडोसा शोधाल. आदल्या रात्री सावजी नाही, हे सांगायला नको.

रविवारची_लांब
मुंबईत फसवते ती हवा. इथे जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि कोरडं, तिथे २० च्या आसपास आणि दमट. डिसेंबरात इथे सहज जमलेला वेग तिथे तिसाव्या किमीनंतर सुटतो. अंगाची उकाड्याची सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, म्हणून शेवटच्या पंधरवड्यात आठवड्यातून तीन धावा सकाळी दहाच्या उन्हात, लांब बाह्यांचा टीशर्ट घालून, ४० मिनिटांच्या सावकाश. शर्यतीत किमीला १५-२० सेकंद हळू सुरुवात करा. परतीला पाय भरलेले असताना चढ लागला तर जोर लावू नका. तिथे चालत चढलात तरी फार तर दोन-तीन मिनिटं जातील, जोर लावून पेटके आले तर अर्धा तास.