अपघात समोर झाला तर नक्की काय करायचं? नाव दिलं तर पोलिसांचं लचांड मागे लागतं का?

सिन्नरकर
मंडळी, परवा संध्याकाळी नाशिक-पुणे हायवेला संगमनेरच्या अलीकडे एक बाईकवाला डोळ्यांदेखत डिव्हायडरला घासून पडला. लोक नुसते बघत बसतात असं म्हणतात ना, तसं अजिबात नव्हतं, ढाब्यावरची पोरं हातातलं टाकून पळत आली, ट्रॅक्टरवाला थांबला. पण मग एकजण तोंडात पाणी ओततोय, दुसरा हेल्मेट ओढतोय, तिसरा त्याला उठवून बसवतोय, आणि शूटिंग काढणारे दोघं वेगळेच. आम्ही १०८ ला फोन लावला, तेवढ्यात एक काका मला बाजूला घेऊन म्हणतात "नाव देऊ नको बाळा, कोर्टाच्या चकरा मारत बसशील". पोरगा वाचलाय, पाय मोडलाय. पण यातलं बरोबर काय नि चूक काय ते जाणकारांनी सांगा.

सिस्टर_वेंगुर्ला
मी कॅज्युअल्टीत काम करते. पाणी अजिबात पाजू नका, माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर ते श्वासनलिकेत जातं, आणि ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. हेल्मेट ओढून काढायचं नाही, मानेला मार असेल तर तेवढ्या हिसक्याने हातपाय कायमचे जाऊ शकतात. श्वास चालू असेल तर नुसती काच वर करा, पट्टा सैल करा आणि एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बसा, बस्स. श्वासच नसेल किंवा तोंडात रक्त, उलटी साठली असेल तर मात्र काढावंच लागतं, तेव्हा एकाने मान धरायची नि दुसऱ्याने हळूच काढायचं. रक्त वाहत असेल तर रुमाल, ओढणी, जे असेल ते घट्ट दाबून धरा, थांबलं का म्हणून उचलून बघू नका, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. आणि ते चौघांनी हातपाय धरून रिक्षात कोंबणं कृपा करून बंद करा, गाडी पेटायची भीती असेल तर गोष्ट वेगळी.

वकील_सातारा
काकांची भीती जुन्या काळातली आहे. २०१६ साली सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आणि २०२० ला नियम निघाले. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. चांगल्या हेतूने मदत करताना काही कमीजास्त झालं तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.

टेम्पोवाला_९६
वकीलसाहेब कागदावर सगळं ठीक आहे हो, मी एका म्हाताऱ्या बाबांना दवाखान्यात नेलं तर काउंटरवर मलाच म्हणाले आधी पैसे भरा, नातेवाईक येईपर्यंत जाऊ नका. रात्रभर माल तसाच गाडीत. पुढच्या वेळी माणूस विचार करणारच ना

वकील_सातारा
दादा, तुमचा राग रास्त आहे. पण त्यांना तसा अधिकारच नव्हता. तुम्ही नातेवाईक नसाल तर थांबवून ठेवता येत नाही, पैसेही मागता येत नाहीत. मदत करणाऱ्याचे हक्क लिहिलेला फलक दवाखान्यात दर्शनी भागात लावायचा असतो, तो कुठाय म्हणून तिथेच विचारायचं. खरं सांगतो, काउंटरवरच्या पोरांनाच हा नियम माहीत नसतो, म्हणून फोनमध्ये मराठीत सेव्ह करून ठेवा आणि दाखवा.

घाटावरचा_ड्रायव्हर
एक राहिलं. सगळे जखमीभोवती गोळा होतात नि मागून येणाऱ्या गाड्यांना कुणीच थांबवत नाही, खंबाटकीच्या उतारावर अशाने दुसरा अपघात होताना बघितलाय. दोन माणसं आधी मागे लांब पळवा, रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाका, गाड्यांचे पार्किंग लाईट लावा, पडलेल्या बाईकची चावी बंद करा. फोन करताना किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा आणि पुण्याकडची लेन की साताऱ्याकडची तेही सांगा, नाहीतर ॲम्ब्युलन्स पलीकडच्या बाजूला येते आणि यू-टर्न मारायला पार पुढे जावं लागतं. नॅशनल हायवेला १०३३ पण चालतो, १०८ लागला नाही तर ११२.