अर्थ न कळता शब्द लावायचे, याला स्क्रॅबल म्हणायचं का?

निमिष_क
परवा इथे कुणीतरी स्क्रॅबलच्या बोर्डावर टाइल्सनी लावायच्या इंग्रजी शब्दांपैकी 'क्यू आहे पण पुढे यू नाही' अशांची यादी टाकली आणि वर सल्ला दिला, "अर्थात शिरू नका, पाठ करून टाका." वाचल्यापासून डोक्यात तिडीक गेलीये. क्यू-आय, क्यू-ए-टी, एस-यू-क्यू... हे शब्द आहेत की कुलपाचे आकडे? याद्यांना माझा विरोध नाही. लागोपाठ दोन यू असलेले शब्द मीही जमवलेत: व्हॅक्यूम, कंटिन्युअम, मूमू. पहिले दोन लॅटिनमधून आले, तिसरा हवाईहून, आणि तिथल्या भाषेत त्या दोन यूंच्या मधे उच्चार क्षणभर अडतो. हे शोधण्यातच तर मजा होती. ती गाळून नुसता सांगाडा घोकायचा?

शेवटचा_क्यू
यादी माझीच होती. तिडीक जाऊ द्या, डाव काय म्हणतो ते बघा. खेळाच्या संचात यू चारच असतात. चारही लागून गेले, दोन्ही कोऱ्या टाइल्स गेल्या आणि पिशवीतून क्यू हाताला लागला, की तुमचं लॅटिन काय कामाचं? समोरच्याने आधी टाइल्स संपवल्या तर तुमचे क्यूचे १० वजा, त्याला १० जमा. मी असा डाव हरलोय, बोर्डावर 'आय' मोकळा असताना. त्याच रात्री यादी पाठ केली. आणि नायजेल रिचर्ड्सचं काय? फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद जिंकलं, शब्द पाठ करून. तो खेळाडू नव्हे?

निमिष_क
रिचर्ड्सचं नाव येणार हे ठाऊकच होतं. माणूस अफाट आहे, वादच नाही. पण त्याच्यासारखी स्मरणशक्ती हजारात एकाची. बाकीचे त्याच्या नादाने घोकतात आणि आठवड्यात विसरतात.

शिकवणीवाली
विसरत नाहीत. माझा मुलगा स्पेलिंगला रडायचा. ओ-यू-जी-एच असलेले सगळे शब्द एका कागदावर लिहून भिंतीला लावले: दो, थ्रू, रफ, कॉफ, बाउ, थॉट. अक्षरं तीच चार, उच्चार सहा तऱ्हेचे. कानावर विसंबून इंग्रजी लिहिता येत नाही, डोळ्यालाच ओळख पटवावी लागते. अशा यादीला घोकंपट्टी म्हणणाऱ्यांनी एखाद्या मुलाला शिकवून दाखवावं.

उरलेला_ब्लँक
तुम्ही सगळे भलत्याच गोष्टीवर भांडताय. पाठ करणारा निदान डोकं तरी वापरतो. मोबाइलवर खेळून बघा. परवा एक जण आधी तीन-तीन अक्षरांचे शब्द लावत होता, आणि अचानक रेट्सिना, म्हणजे ग्रीक वाइन! सातही टाइल्स एका दमात, ५० जादा. सरळ शब्द शोधून देणाऱ्या सॉल्व्हरमध्ये अक्षरं कोंबली असणार. मी डाव तिथेच सोडला.

शेवटचा_क्यू
रेट्सिनावरून चोर ठरवलंत? 'सटायर'च्या सहा अक्षरांत एन मिसळला की काय काय निघतं, ही तर सरावातली अगदी सुरुवातीची गोष्ट. नॅस्टियर, रिटेन्स, रेटिनाज, स्टेनर, अँट्सियर, स्टिअरिन आणि तुमचा तो रेट्सिना. माझ्यासारख्या कुणालाही ती अक्षरं रॅकवर दिसली की हात आपोआप चालतो.

उरलेला_ब्लँक
सगळे तुमच्यासारखे नसतात. प्रत्येक चालीला पाच-पाच मिनिटं घेऊन नेमका सगळ्यात महागडा शब्द टाकायचा, याला सराव म्हणतात होय?

दुसरा_यू
हो, म्हणतात. मला असंच चोर म्हणून एका गटातून काढलंय. पाच मिनिटं शब्द शोधायला लागत नाहीत हो, जागा शोधायला लागतात. शब्द हाती असतो, पण तो कुठे टेकवायचा, समोरच्याला तिप्पट गुणांचं घर उघडं पडेल का, एस आत्ताच खर्चायचा का? एस चारच असतात. वर्षभर पहाटे उठून याद्या केल्या आणि पुरावा न मागता हाकललं. अजून राग जात नाही. तुम्ही 'असणार' म्हणून मोकळे होता.

उरलेला_ब्लँक
बरं, तो एक डाव सोडायला नको होता म्हणा. पण सॉल्व्हरवाले आहेत आणि भरपूर आहेत, हे मी मागे घेणार नाही.

निमिष_क
धागा माझा होता, गेला कुठे बघा. शिकवणीवाल्या ताईंचं पटलं, पण त्यांच्या मुलाला ते शब्द आधी बोलण्यातून माहीत असणार. क्यूच्या यादीत तसं काहीच नाही.

शेवटचा_क्यू
एवढं अडलंय ना अर्थावाचून, मग घ्या. एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजार. क्यू-ए-टी म्हणजे ज्याची पानं चघळतात ते झुडूप. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे डोंगरातलं पाणी जमिनीखालून आणणारा पाट. टी-आर-ए-एन-क्यू म्हणजे गुंगीचं औषध. क्यू-आय म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. आता करणार का पाठ?

निमिष_क
आता करतो. पहिल्याच दिवशी असं लिहिलं असतंत तर एवढा वाद झाला नसता. क्यू-ए-डी-आय राहिला.

शेवटचा_क्यू
काझी.